कांजिण्या आल्या त्या कोणाला

३ फेब्रु., मंगळ. सांगली
१. शनिवारी लॅबमध्ये माधवनगरच्या सहा वर्षांच्या मुलीचं रक्त मी काढलं. फक्त ताप होता. रडत होती, दहा मिनिटं कुशीत धरून बसले.
२. रविवारी तिच्या अंगावर पुरळ. कांजिण्या. तिच्या आईचा फोन आज आला.
३. मला अकरावा आठवडा; आत्ता कांजिण्या झाल्या तर बाळाला धोका. विक्रम सोडून घरात कोणाला माहीत नाही.
४. लहानपणी येऊन गेल्या असतील तर अँटीबॉडी सहसा जन्मभर टिकतात. असतील तर.

डॉक्टरबाई : आधी तपासू. नसतील तर दहा दिवसांच्या आत इंजेक्शन. रक्त दिलं. रिपोर्ट शुक्रवारी.

साताऱ्याला आईला फोन. लहानपणी आम्हा बहिणींत कांजिण्या कोणाला आल्या, हे सहज विचारतेय असं दाखवलं. कांजिण्यांना ती 'बाया' म्हणते.
"एकीला आल्या हुत्या बाया. पंधरा दिस घरात फोडणी न्हवती. दुसरीला आटपाडीला मावशीकडं धाडली."
कोणाला आल्या?
"आता ध्यानात न्हाई बग. दोघी सारख्याच किरकिऱ्या."
डॉक्टरचा कागद?
"बायांना कोन डाक्तरकडं नेतंय?"

४ फेब्रु.
आईने मावशीला विचारलं. "मावशी म्हनती, आटपाडीला धाकटी हुती. लय रडायची."
धाकटी मी.
दिवसभर प्रत्येक नळीवरचं नाव दोनदा वाचलं. विक्रम म्हणाला, मावशी चुकत असेल. तो मावशीला एकदाच भेटलाय.

६ फेब्रु., शुक्र.
आयजीजी पॉझिटिव्ह, मर्यादेच्या बरंच वर. आयजीएम निगेटिव्ह. म्हणजे संसर्ग जुना, आणि इतक्या वर्षांनी अँटीबॉडी जागेवर. इंजेक्शन नको.
लॅबच्या पायरीवर बसून पाव किलो भडंग एकटीने संपवलं. विक्रमला फोन करून रिपोर्ट वाचून दाखवला.
आईला सांगितलं, कांजिण्या मला आल्या होत्या.
"बरं झालं. आन् कितवा चाललाय?"
ती फोन ठेवेना.
"अकरावा आठवडा," म्हणाले.
"व्हय, तू बायांचं इचारलंस तवाच कळलं मला."

७ फेब्रु.
मग आटपाडीला ताई होती. ती काम करते त्या पाचगणीच्या वसतिगृहात मुलांना कांजिण्या आल्या की तीच जवळ बसते, 'मला येऊन गेल्यात' म्हणून. हे तिने कधी तपासलेलं नाही. नंतर तिलाही येऊन गेल्या असतील. नसतीलही.
तिला पाठवलेला मेसेज :
"ताई, लहानपणी कांजिण्या मला आल्या होत्या. रिपोर्ट आहे. तुझं नक्की नाही. मोठेपणी त्या जड जातात. आयजीजी तपासून घे, नसेल तर लस आहे. तोवर आजारी मुलांजवळ दुसऱ्या कोणाला बसव. रक्त कधी देतेस ते गुरुवार, १२ तारखेपर्यंत कळव."