मोगऱ्याची पूड

५ फेब्रुवारी २००४, बीरगांव

ताट वाढताना बायकोच्या, श्रावणीच्या, हातांना पुन्हा मोगऱ्याचा वास! घरात अत्तर नाही. बाहेर ती जात नाही — म्हणते तरी तसं. आणि हा मोगरा मी ओळखतो. आमच्या कारखान्यातला आहे.

७ फेब्रुवारी

कारखान्यात मोगऱ्याचं तेल दोघांच्याच हाती असतं. दिवसा माझ्या, रात्री गौतमच्या. गौतम आमच्या भिंतीपलीकडे राहतो. मी कामावर, तेव्हा तो घरी!

श्रावणीला विचारलंच शेवटी. म्हणाली, "काहून विचारून राहिले? कपडे धुतले ना आत्ताच."

आमचा साबण पिवळा, सोड्याचा. त्याला कुठला मोगरा!

९ फेब्रुवारी

माझ्याच कपड्यांचा वास असेल, असंही मनात आलं. मी काही कच्चा नाही. जिलेटिन आणि डिंकाच्या कोमट पाण्यात तेल फेटायचं, थेंब थेंब आम्ल सोडायचं, सावकाश थंड करायचं. तेलाच्या प्रत्येक थेंबावर कवच धरतं. मग वाळवून पूड. शहर राजधानी झाल्यापासून पंडरीच्या कापडबाजारातले व्यापारी तीच मागतात, साड्यांसाठी. पदर चुरगळला की कवच फुटतं, मोगरा सुटतो. तोवर काही नाही. वासाबद्दल आमच्या सुपरवायझर अच्युत सरांचं एकच वाक्य — "बास आया तो माल फूटा, नहीं आया तो माल पक्का."

सुटी झाल्यावर फाटकापाशी शर्ट हुंगला. कॉलर, खिसा, दोन्ही बाह्या. काही नाही! माझा शर्ट स्वच्छ आहे.

१२ फेब्रुवारी

पाळी बदलताना गौतमने एक डबा हातात दिला. आमचाच!

"वहिनीले सांगजो, वांगं झकास होतं. तू काहून सुकून राहिला बे? खात जा ना घरचं!"

हसत होता. त्याच्या रुमालालाही मोगरा.

१३ फेब्रुवारी

झोप नाही.

१५ फेब्रुवारी

आज बोललो. सगळंच. गौतमचं नावही घेतलं.

 ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुमच्या शर्टातला मोगरा मी धुऊन राहिली. कोणाचा आहे, असं एकदा तरी विचारलं का मी?"

वर उलटा आरोप! खुंटीवरचा शर्ट काढून तिच्या नाकाशी धरला. घे वास! आहे कुठे?

नव्हताच.

 तिने पलंगाखालची बॅग ओढली.

१६ फेब्रुवारी

तिचा भाऊ गंगाधर गोंदियाहून आला, घेऊन गेला. माझ्याशी बोलला नाही. निघताना तिने एवढंच म्हटलं, "शर्ट बादलीत आहे."

१८ फेब्रुवारी

शर्ट आज मीच धुतला. साबण लावला, बाही दगडावर चोळली —

मोरीभर मोगरा.

हात तीनदा धुतले. अजून येतो आहे.