दुसरी गोळी

प्रिय दादा,

तू चर्चचा पाळक. 'देव सगळं बघतो' असं तू उपदेशात सांगतोस तेव्हा लोकांना धीर येतो. मला मात्र दुपारपासून एका जागी बसवत नाहीये.

आज बाबांनी सकाळपासून एकच धोशा लावला होता, "माझी बायको कुठंय?" आई वारली असं सांगितलं की नव्याने रडायचे आणि पुन्हा दार उघडून तिला शोधायला निघायचे. शेवटी मी कडी लावली. डॉक्टरांनी झोपेची एकच गोळी द्यायला सांगितलंय, दोन दिल्या तर धोका आहे. तरी मी तळहातावर दोन घेतल्या. घरात बघणारं कोणी नव्हतं.

बाबांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. "आधी प्रार्थना," म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, माझे काही मिटेनात.

"प्रभू, ही बाई कोण ते मला आठवत नाही. पण फार दमलेली दिसते. तिच्याकडे बघ. आमेन."

दुसरी गोळी मी बेसिनमध्ये टाकली. आता बाबा झोपलेत. एकच दिलीय, तरी सारखी उठून त्यांचा श्वास बघून येतेय.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं, तर तू क्षमेवरचं एखादं वचन लिहून धाडशील. मला वचन नकोय रे, तू हवायस. बाबा उठायच्या आत तुला फोन लावते. या वेळी 'आमचं बरं चाललंय' म्हणणार नाही. 'ये' म्हणेन.

तुझी,
धाकटी