अर्क, उंदीर आणि ताईची मूत्रपिंडं

३ फेब्रुवारी
आजपासून रोज नोंद. शिस्त म्हणजे शिस्त. केमोच्या औषधाने मूत्रपिंडं बिघडतात. माझ्या वेलीच्या पानांच्या अर्काने ती वाचतात. उंदरांवर सिद्ध व्हायचं तेवढं बाकी. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, आधी सिद्ध करा, मग बोला. पोटदुखी, दुसरं काय!

५ फेब्रुवारी
ताईची केमो सुरू. नेमकं तेच औषध. फोनवर म्हटलं, घाबरू नकोस, तुझा भाऊ बसलाय ना! मागून भावोजी म्हणाले, "बसलाच आहे." पडदे विकणाऱ्या माणसाला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही.

१९ फेब्रुवारी (मधल्या नोंदी राहिल्या. कामाचा व्याप.)
अर्क दिलेल्या दहा उंदरांपैकी चार मेले. नुसती केमो दिलेल्यांतला एकच. उंदीरच हलक्या प्रतीचे. पुरवठादाराला खरमरीत पत्र लिहायचं.
ताईला कळवलं, प्रयोग जोरात चालू आहे.

२ मार्च
रक्ताचे रिपोर्ट आले. अर्कवाल्या उंदरांची मूत्रपिंडं जास्त बिघडलेली. टेक्निशियन बाईने नळ्यांची अदलाबदल केली असणार. तोंडावर विचारलं. तिने लेबलं पुढे केली. अक्षर माझं. उद्धट बाई.

६ मार्च
आकडेमोड करणाऱ्याला सांगितलं, मेलेले चार वगळ. म्हणाला, "सर, मेलेले वगळले तर कुठलंही औषध रामबाण ठरेल." आगाऊ कुठला! आलेख मीच काढला. देखणा आलाय. ताईला फोटो पाठवला.

१० मार्च
सेमिनार. विभागप्रमुख बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, दहातले चार गेले कुठे? म्हटलं, निष्कर्ष प्राथमिक आहेत. मागे कुणीतरी फिसकन हसलं. सगळे एकाच माळेचे मणी.

१४ मार्च, सकाळी ११
ताई लॅबमध्ये आली. लिफ्ट बंद, दोन जिने चढून. डोक्याला स्कार्फ, ओठ पांढरे. डॉक्टर म्हणाले म्हणे, मूत्रपिंडांवर ताण दिसतोय. पर्समधून धुऊन पुसलेली रिकामी बाटली काढली. "तुझा अर्क दे यात. डॉक्टरांना नाही सांगत."
फ्रिज उघडला. अर्क होता, भरपूर. हातात घेतला. परत ठेवला.
"नको, ताई."
"का रे? तो आलेख पाठवलास ना?"
तिला सांगितलं. चार मेले. राहिलेल्यांचीही मूत्रपिंडं बिघडली. लेबलं माझीच होती.
ताई स्टुलावर बसली. मग म्हणाली, "महिनाभर मी डॉक्टरांपेक्षा तुझ्या फोनची वाट बघत होते."
बाटली पर्समध्ये ठेवून उठली. जिन्यावर हात पुढे केला, तर कठड्याला धरून उतरली. मी दोन पायऱ्या मागे.