चौकीच्या भिंतीवर लावलेला माफीनामा काढून परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. सहायक आयुक्त,
वाहतूक शाखा, मुख्य कार्यालय.

विषय : अडवून लिहून घेतलेला माफीनामा रद्द होण्याबाबत.
संदर्भ : बाजार चौकातील वाहतूक चौकीत अर्जदाराने गेल्या महिन्यात लिहून दिलेला कागद.

महोदय,

अर्जदार सरकारी रुग्णालयाच्या शववाहिकेवर चालक आहे. आपल्या खात्याविषयी चालकमंडळी जे बोलतात, ते त्याने आजवर एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिले. पोलिसाने हात केला की गाडी बाजूला घ्यावी, काच खाली करावी, कागद पुढे करावेत आणि तोंड बंद ठेवावे, हेच तो नव्या चालकांना शिकवत आला.

त्या दुपारी गाडीत एका निवृत्त पोस्टमनचा मृतदेह होता. सोबत फक्त त्यांची पत्नी. बाकीचे नातलग घरी वाट पाहत होते. बाजार चौकात चौकीचे हवालदार आपली मोटरसायकल रस्त्यात आडवी लावून, तिच्यावर बसून फोनवर बोलत होते. अर्जदार थांबला. बऱ्याच वेळाने त्याने एकदाच, हलका हॉर्न वाजवला. हवालदार फोन कानाला लावूनच आले, खिडकीतून हात घालून किल्ली काढली आणि खिशात टाकली.

"मला हॉर्न देतोस?" एवढेच त्यांनी विचारले.

गाडीत मयत आहे, दंड करायचा तर पावती फाडा पण जाऊ द्या, असे अर्जदाराने सांगितले. शववाहिकेतून हल्ली काय काय नेतात ते मला ठाऊक आहे, असे म्हणत हवालदारांनी मागचे दार उघडायला लावले. काठीच्या टोकाने चादर वर केली आणि मृताच्या तळपायाला ती टोचून पाहिली. धान्याच्या पोत्यात सळई खुपसावी, तशी.

त्या बाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काठी नको हो. हात लावून बघा. गार पडलेत ते."

हवालदारांनी हात लावला नाही. नाकाला रुमाल लावला आणि दार बंद करायला सांगितले.

महोदय, याला तपासणी म्हणायचे असेल तर म्हणावे. पण त्यानंतरही किल्ली मिळाली नाही. हवालदार चौकीत पंख्याखाली डबा उघडून बसले. बाहेर ऊन मी म्हणत होते. मृतदेहाभोवती ठेवलेला बर्फ वितळून पाणी दाराच्या फटीतून रस्त्यावर ठिबकू लागले. येणारे-जाणारे नाक मुरडून वळसा घालू लागले. त्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून त्या बाई खाली उतरल्या आणि आपल्या शालीने ते पाणी टिपत बसल्या. हवालदारांना खिडकीतून हे दिसत होते. त्यांनी आणखी एक पोळी घेतली.

जेवण झाल्यावर त्यांनी मजकूर सांगितला आणि अर्जदाराने तो उतरवून घेतला : 'मी साहेबांसमोर उद्धटपणे हॉर्न वाजवला. माझी अक्कल ठिकाणावर नव्हती. साहेबांनी मोठ्या मनाने मला सोडले.' 'मोठ्या मनाने' हे शब्द नीट वाचता येत नाहीत म्हणून कागद पुन्हा लिहून घेतला. अर्जदाराने सही केली, हात जोडले, तेव्हा किल्ली मिळाली. बाहेर गाडीतला तो मृत माणूस उन्हात होता. त्या घटकेला अर्जदाराने स्वतःला गाढव म्हणूनही लिहून दिले असते.

तो कागद आता चौकीच्या भिंतीवर चिकटवला आहे. 'माझी चूक काय' असे विचारणाऱ्या प्रत्येक चालकाला तो मोठ्याने वाचायला लावतात. मागच्या आठवड्यात टेम्पो चालवणाऱ्या अर्जदाराच्या भाच्यावर ती पाळी आली. त्याने खालची सही ओळखली. संध्याकाळी तो घरी आला, चप्पलही न काढता दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, हे तुम्ही लिहिलंत?" त्याला सगळे सांगितले. ऐकून तो दारातूनच परत गेला. तेव्हापासून तो घरी आलेला नाही.

अर्जदाराने चौकीत जाऊन कागद परत मागितला. हा मागे घेतोस म्हणून वेगळा माफीनामा लिहून दे, मग बघू, असे हवालदारांनी सांगितले. ते थट्टा करत असावेत असे वाटून अर्जदार जरा थांबला. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. तेव्हा अर्जदार तसाच बाहेर पडला.

तरी, सदर माफीनामा धाकाने घेतलेला असल्याने तो रद्द करावा, भिंतीवरून काढावा आणि मृताला काठी लावल्याबद्दल हवालदारांची चौकशी व्हावी, ही विनंती. हॉर्न वाजवणे गुन्हा ठरल्यास त्याचा दंड अर्जदार भरील.

शहरातली बहुतेक मयते याच चौकातून न्यावी लागतात. यापुढेही पोलिसाने हात केला की अर्जदार थांबेल आणि कागद दाखवील. हात मात्र जोडणार नाही. तसे करणे सक्तीचे असल्यास त्याचे कलम लेखी कळवावे.

लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र अर्जदार,

(सही)
चालक, शववाहिका
दिनांक : ९ एप्रिल

सोबत :
१. वाहन परवान्याची प्रत.
२. मृताच्या पत्नीचे निवेदन. हे त्यांनी आपणहून लिहून आणून दिले.