टेबलावर की शेगडीजवळ

देवपूर, मंगळवार, संध्याकाळ

टॅब की डेस्कटॉप, आठवडाभर या प्रश्नाने डोकं खाल्लंय. हे म्हणतात डेस्कटॉपच घे, कीबोर्डवर भराभर टाइप होतं. खरंच आहे ते. मला सासूबाईंची, म्हणजे अक्कांची, कानबाई देवीची गाणी उतरवून ठेवायची आहेत आणि हल्ली त्या कडवी विसरायला लागल्यात.

काल त्यांना शेजारच्या वहिनींच्या डेस्कटॉपसमोर बसवलं. चांगली साडी नेसून आल्या, हात मांडीवर ठेवले आणि एकही ओळ आठवेना. मी तरी काय मूर्ख! हात रिकामे ठेवून अक्का कधी गायल्यात?

आज वहिनींचा टॅब मागून आणला, पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापता थापता अक्कांनी तीन गाणी म्हटली. टॅबवर टाइप करताना माझी बोटं चुकतात, मान्य. पण आवाज तर साठवता येतो, टाइप होईल सावकाश. घ्यायचा तर टॅबच.

मी रेकॉर्डिंग बंद केलं, तर अक्कांनी पिठाच्या हातानेच टॅब माझ्याकडे सरकवला. "एक कडवं राही गयं. सुरू कर, परत म्हनस मी."

भाकरी तर संपल्या होत्या. त्यांनी परातीत आणखी पीठ घेतलं.