खिळ्यावरचा कप

कोल्हापूर, बुधवार, डिसेंबर १९७४

शिवणक्लास बंद करून माजी सैनिकांच्या क्लबातलं स्वयंपाकघर चालवायला घेतलं. माझ्या आधीच्या दोन आचाऱ्यांनी तिथून गाशा गुंडाळलाय. आज माझं पहिलं जेवण. तांबडा रस्सा फक्कड झाला होता. हे मीच म्हणते, दुसरं कुणी म्हणालंच नाही.

मी पाट मांडले, तर सगळे आपापली ताटली-कप घेऊन दारात रांगेत उभे. "बसा की," म्हटलं. पुढं सुभेदार, हातात टवके उडालेला इनॅमलचा कप. म्हणाले, "वहिनी, आमी पलटणीत असंच जेवलोय. वाढा तुमी."

वाढलं. कपानं रस्सा प्याले, भांडी धुतली, आपापली घेऊन गेले. बरं म्हणाले नाहीत की वाईट. तिखट झालं असेल का? झालं तर झालं, कमी करणार नाही.

आवरताना बघते तर सुभेदारांचा तो कप चुलीमागच्या खिळ्याला अडकवलेला. विसरले असतील? पण विसरणारा माणूस कप धुऊन, पुसून वर टांगेल कशाला?

उद्या बाकीच्यांसाठीपण खिळे मारून ठेवते.