कुठं दुखतं ते सांग

मी धोंडूबाई, भ्रतार कुंडलिक सुतार, राहणार मौजे सापगाव, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. पोटात गाठ आहे, डोक्यात बिघाड नाही. कोणाच्या धाकाने नव्हे, कोणाच्या भरीला पडून नव्हे, राजीखुशीने हे सांगून लिहवून घेत आहे. वर धन्याचे नाव घेतले ते कायद्यासाठी; एरवी घेत नाही.

कलम पहिले. घर त्यांच्या नावचे आहे. ते मला देता येत नाही आणि दुसऱ्या कोणी घेऊही नये. ते येईपर्यंत धाकटे दीर धर्माभावोजी यांनी दरसाल शाकारणी करावी व दिवा लावावा. माझ्या पाटल्या त्यांच्या लेकीला, वत्सलाला द्याव्यात.

कलम दुसरे, घिरटाबद्दल. भात भरडायचे नेहमीचे घिरट ओढायला दोघी लागतात. सासूबाई वारल्यावर मी एकटीच ओढू लागले आणि माझा खांदा सुजला. ते पाहून त्यांनी एकटीने फिरवायचे घिरट करायला घेतले. आधी सारवलेल्या जमिनीवर कोळशाने आकृती काढली, मग पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा लहान नमुना केला. खुंटा बसवला की म्हणायचे, "फिरव गो, आन कुठं दुखतं ते सांग." मी सांगायची, मनगटात. ते खुंटा काढून तिरका करायचे, त्याची कड गोल मोडायचे आणि पुन्हा म्हणायचे, "फिरव गो." जन्मात मला एवढे कोणी विचारले नव्हते.

ते काम अर्धे असतानाच लढाईसाठी सुतारांची भरती निघाली. जाताना त्यांनी वाकस, रंधा, पटाश्या, गुण्या, करवत, सगळी हत्यारे चार माणसांदेखत माझ्या हवाली केली. "आता तुझी," म्हणाले. बोट मलायात गेली. सिंगापूर पडले आणि पत्रे थांबली. सरकारकडून 'बेपत्ता' एवढा एकच शब्द आला.

बसून बसून हात जड झाले, तेव्हा मी वाकस उचलला. भावोजी म्हणाले, "वयनी, बाईनं वाकस धरायचा नसतो. दादा गेला असं धर आन हत्यारं मला दे."

मी म्हणाले, "तुमचा दादा गेला नाय, गावाला गेलाय."

भावोजींचे ते बोलणे मला अजून सलते. पण घिरटाचा ऐनाच्या लाकडाचा वरचा जड पाळा माझ्याने उचलेना, तेव्हा त्यांनीच मान खाली घालून दुसरे टोक धरले. हेही लिहा.

घिरट पुरे झाले. ते ओसरीवरच ठेवावे. ज्या बाईला जोडीण नाही, तिने येऊन भात भरडावे.

कलम तिसरे. हत्यारे रखमीला. ती पाड्यावरची, माझ्या जोडीने काम करते. गुण्या न लावता तिला काटकोन कळतो, तरी ती गुण्या लावते. म्हणून तिला.

कलम चौथे. गेल्या दिवाळीनंतर डोळखांबचा चांगो दारात उभा राहिला. तो त्यांच्याच बोटीने गेला होता. त्याचा एक पाय लाकडाचा. मी तोंडाआधी पायाकडे पाहिले. वरची कड आतून गोल मोडलेली, पट्टा तिरका.

"कुंडलिकदादानं केला, वयनी," तो म्हणाला. "जपान्यांच्या छावणीत, तुटक्या सुरीनं. रोज मला चालवायचा न इचारायचा, कुठं दुखतं ते सांग."

मी विचारले, "आता कुठं हायेत?"

"दुसऱ्या बोटीत घातला त्याला. कंच्या बेटावर नेला ते नाय म्हाईत. मी पाह्यला तवा जिता होता, वयनी."

त्याला भाकर वाढली आणि पाय काढून मागितला. तो जेवेपर्यंत मी पाय मांडीवर घेऊन बसले. सुरीच्या रेघा बोटांखालून एकेक गेल्या. तळ झिजला होता, तो नवा बसवून दिला. जुना तुकडा ठेवून घेतला आहे. तो माझ्याबरोबर चितेवर ठेवावा. चांगोचा पाय पुढे झिजेल तेव्हा रखमीने पाहावे.

कलम पाचवे. अग्नी धर्माभावोजींनी द्यावा. कुंकू पुसू नये. हिरवे लुगडे नेसवावे. यावर कोणी वाद घालू नये.

कलम शेवटचे. ते आले तर दारात काही सांगू नये. ऊन पाणी पायांवर घालावे. नाचणीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी करावी. परमुलखात ती कुठली मिळणार? ते माझी चौकशी करतीलच. धोंडू पाण्याला गेलीय, म्हणावे. पोटभर जेवू द्यावे. मग भावोजींनी जवळ बसून सांगावे.

मजकूर वाचून दाखवला, तो माझ्या बोलण्याप्रमाणे आहे.

सही: धोंडूबाई
साक्षी: गणू धाऊ भोईर, सापगाव
साक्षी: चांगो नवसू, डोळखांब (डाव्या हाताचा अंगठा)
लिहिणार: कमळू मास्तर, शहापूर
मुक्काम सापगाव, माघ वद्य पंचमी, शके १८६७, सन १९४६